ज्यांच्या नांवाचा दगड नाहीं

मनुष्य मरण पावल्यावर त्याचें नांव दगडावर कोरून ठेवावें, ही चाल पुष्कळ देशांत फार जुनी आहे. आपल्या गांवच्या ख्रिस्ती दफनभूमींत गेलें असतां कोठें कोणाचें नांव, कोठें वय, कोठें पवित्र शास्त्रांतील एखादें वचन असें कांहीं ना कांहीं वाचावयास मिळतें. आणि मृताशीं आपली ओळख नसली तरी तें वाचून मनांत आदर उत्पन्न होतो. परंतु दगडास पैसा लागतो, आणि तो बसविण्यास मागें कोणी तरी माणूस उरावें लागतें. ज्याच्यापाशीं पैसा नव्हता व ज्याच्या मागें कोणी उरलें नाहीं, त्याचें स्मरण कसें राहावें? या प्रश्नाचें एक उत्तर लंडन शहरांतील कांहीं सामान्य लोकांनीं माती, दगड आणि पाण्याची झारी एवढ्याच साधनांनीं दिलें आहे. तें कसें दिलें गेलें, हें विद्यार्थ्यांनीं व त्यांच्या वडील मंडळींनीं समजून घेण्याजोगें आहे.

लंडन शहराच्या मध्यांतून थेम्स नदी वाहते. तिच्या दक्षिण तीरावर सदर्क नांवाचा जुना भाग आहे. लंडन ब्रिज हा पूल, बरो मार्केट ही जुनी मंडई आणि सदर्क कॅथीड्रल हें प्राचीन मंदिर हीं सर्व तेथें एकमेकांपासून हांकेच्या अंतरावर आहेत. या गजबजाटांतच रेडक्रॉस वे नांवाची एक अरुंद गल्ली आहे. तिच्या कडेस एक लोखंडी फाटक असून त्याच्या गजांना रंगीबेरंगी फिती, सुकलेलीं फुलें आणि हातानें लिहिलेल्या चिठ्ठ्या बांधलेल्या दिसतात. फाटकाच्या आंत जी लहानशी जागा आहे तिला क्रॉसबोन्स असें म्हणतात. त्या जागेंत सुमारें १५,००० माणसें पुरलेलीं आहेत. परंतु त्यांपैकीं कोणाच्याहि कबरेवर त्या काळचा दगड उभा नाहीं.

हीं माणसें कोण होतीं, हें कळण्यासाठीं थोडें मागें गेलें पाहिजे. मध्ययुगांत सदर्कचा हा भाग लंडन शहराच्या अधिकाराबाहेर होता. तेथील जमीन विंचेस्टरच्या बिशपची असे, आणि तींत त्याचाच हुकूम चाले. जीं घरें शहरांत चालूं देत नसत, ज्यांत गरीब व निराधार स्त्रियांस देहविक्रय करून पोट भरावें लागे, अशीं घरें येथें उघडपणें चालत. त्या घरांसाठीं नियम होते, आणि नियम मोडल्यास बिशपच्या न्यायालयांत दंड भरावा लागे. लोक त्या स्त्रियांना टोमण्यानें ‘विंचेस्टरच्या हंसिणी’ म्हणत.

जॉन स्टो नांवाच्या इतिहासलेखकानें १५९८ सालीं लंडन शहराचें सविस्तर वर्णन छापून प्रसिद्ध केलें. त्यांत तो लिहितो कीं, विश्वासू वृद्ध माणसांकडून आपण असें ऐकलें आहे: या स्त्रिया आपला मार्ग सोडीत नाहींत तोंपर्यंत त्यांना मंदिरांतील विधींचा लाभ मिळत नसे, आणि मरणापूर्वीं त्यांचा ख्रिस्तमंडळीशीं समेट झाला नाहीं तर त्यांना ख्रिस्ती रीतीनें मूठमातीहि मिळत नसे. म्हणून त्यांच्यासाठीं मंदिरापासून दूर एक तुकडा नेमून दिलेला होता. परंपरेप्रमाणें तो तुकडा म्हणजेच क्रॉसबोन्स होय. वाचकांनीं येथें क्षणभर थांबून विचार करावा. ज्या व्यवस्थेनें या स्त्रियांच्या जिण्यावर दंड व भाडें घेतलें, त्याच व्यवस्थेनें मेल्यावर त्यांना आपल्या अंगणांत जागा नाकारली. पैसा घेतांना त्या विटाळाच्या नव्हत्या. माती देतांना मात्र ठरल्या.

पुढें काळ पालटला, तीं घरें बंद झालीं, आणि ही जागा त्या भागांतील दरिद्री लोकांची दफनभूमि बनली. अठराव्या व एकोणिसाव्या शतकांत सदर्कमध्यें लंडनमधील अति गलिच्छ वस्त्यांपैकीं कांहीं वस्त्या होत्या. एकेका खोलींत अनेक कुटुंबें रहात, पिण्याचें पाणी दूषित असे, आणि तापाची किंवा पटकीची सांथ आली म्हणजे प्रेतांची रीघ लागे. ज्यांच्या पुरण्याचा खर्च धर्मादायांतून होई, त्यांना येथें आणून एकावर एक असें पुरीत. शेवटीं १८५३ सालीं, जागा प्रेतांनीं अगदीं भरून गेली असून तेथें आणखी पुरणें हें लोकांच्या आरोग्यास व सभ्यतेस धरून नाहीं, असें ठरवून ती बंद करण्यांत आली.

आतां मृतांना तरी विसावा मिळावयास हवा होता. परंतु मोठ्या शहरांत मोकळ्या जमिनीवर सर्वांचा डोळा असतो. १८८३ सालीं ही जागा इमारत बांधण्याकरितां विकण्यांत आली. लॉर्ड ब्रेबझन या गृहस्थांनीं ‘टाइम्स’ पत्रांत पत्र लिहून या विटंबनेस हरकत घेतली. पुढच्याच वर्षीं, म्हणजे १८८४ सालीं, वापरांतून गेलेल्या दफनभूमींवर इमारती बांधूं नयेत असा कायदा इंग्लंडांत झाला, आणि ती विक्री रद्द ठरली. याच सुमारास अशा जुन्या दफनभूमींच्या बागा करून त्या गरिबांच्या मुलाबाळांस मोकळ्या कराव्या, ही चळवळ लंडनमध्यें जोर धरूं लागली होती. ऑक्टेव्हिया हिल या थोर बाईंनीं याच रेडक्रॉस वे गल्लींत, कागदाच्या एका मोडक्या कारखान्याच्या जागीं, १८८७ सालीं रेडक्रॉस गार्डन ही बाग गरीब भाडेकऱ्यांसाठीं उघडली. ती बाग आजहि तेथें आहे. क्रॉसबोन्सच्या नशिबीं मात्र तेव्हां बाग आली नाहीं. कायद्यानें जागा वांचविली. पण कायदा कांहीं झाडांना पाणी घालीत नाहीं. पुढें शंभरांहून अधिक वर्षें ही जागा भिंतीआड पडून राहिली, आणि खालीं कोण निजलें आहे याचा बहुतेकांस विसर पडला.

हा विसर एका विचित्र रीतीनें मोडला. विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत लंडनच्या भुयारी आगगाडीचा जुबिली नांवाचा मार्ग वाढविण्यांत येत होता. त्यासाठीं विजेचें एक ठाणें क्रॉसबोन्सच्या कांहीं भागावर बांधावयाचें ठरलें. बांधकामापूर्वीं लंडनच्या वस्तुसंग्रहालयांतील पुराणवस्तुशास्त्रज्ञांनीं तेवढा भाग काळजीपूर्वक उकरला. त्यांना १४८ सांगाडे मिळाले. ते सुमारें १८०० ते १८५३ या काळांतील असून तेथें पुरलेल्या एकंदर माणसांच्या शेंकडा एक इतकेहि नव्हते.

हाडें बोलत नाहींत, तरी जाणत्याला पुष्कळ सांगतात. क्षयरोग पाठीच्या कण्यांत शिरला तर मणके ढांसळतात. सूर्यप्रकाश व योग्य अन्न न मिळालेल्या मुलांच्या पायांचीं हाडें वांकतात. सांध्यांची झीज पाहून मनुष्याचें वय अजमावतां येतें. या सर्व खुणा त्या सांगाड्यांवर वाचल्या गेल्या. देवीच्या रोगाच्या खुणाहि सांपडल्या. सर्वांत हृदयद्रावक गोष्ट ही कीं, त्यांपैकीं एक तृतीयांशाहून अधिक सांगाडे जन्मापूर्वींच किंवा जन्मल्यावर आठवड्याच्या आंत मेलेल्या अर्भकांचे होते. आणि प्रौढांमध्यें बहुतेक स्त्रिया होत्या. म्हणजे ज्या मातांना दगड मिळाला नाहीं, त्यांच्या शेजारीं ज्यांना धड नांवहि मिळालें नाहीं अशीं बालकें निजलीं होतीं.

ही हकीकत जसजशी लोकांस कळूं लागली, तसतसे त्या भागांतील लोक फाटकापाशीं जमूं लागले. सदर्कमध्येंच राहणारे जॉन कॉन्स्टेबल नांवाचे कवि व नाटककार यांनीं १९९६ सालापासून या विस्मृत स्त्रियांविषयीं काव्य लिहावयास घेतलें. त्यांतून सिद्ध झालेलें ‘द सदर्क मिस्टरीज’ हें नाटक २००० सालीं शेक्सपिअरच्या ग्लोब नाट्यगृहांत व सदर्क कॅथीड्रलमध्यें झालें. १९९८ पासून पुढें कित्येक वर्षें ३१ ऑक्टोबरच्या रात्रीं लोक मेणबत्त्या घेऊन मिरवणुकीनें फाटकापाशीं येत. जुन्या दफननोंदींतील नांवें फितींवर लिहून तीं गजांना बांधण्याची चाल यांतूनच पडली. २००४ सालापासून दर महिन्याच्या २३ तारखेस सायंकाळीं तेथें लहानशी स्मरणसभा भरूं लागली. २००६ सालीं फाटकावर एक पाटी बसविण्यांत आली, आणि तिच्यावर समाजानें टाकलेल्या या मृतांस शांति लाभो, असा भाव कोरला आहे.

परंतु फाटकाबाहेर उभें राहून शोक करणें निराळें, आणि आंत जाऊन रोज काम करणें निराळें. जागेवर पहारा करणाऱ्या एका माणसानें पहिल्यानें हें काम आपण होऊन हातीं घेतलें. तेथें पडलेल्या दगडविटा रचून, मिळेल तें रोप लावून त्यानें कोणास न सांगतां एक लहानशी बाग उभी केली. लोक त्याला कौतुकानें ‘अदृश्य माळी’ म्हणूं लागले. पुढें बँकसाइड ओपन स्पेसेस ट्रस्ट या स्थानिक संस्थेनें जागेच्या मालकांशीं बोलणें करून ती भाडेपट्ट्यानें मिळविली, आणि २०१५ सालीं ही स्मरणबाग लोकांसाठीं उघडली. आंत शिरतांना डोक्यावर लांकडी मंडप लागतो. त्याचा आकार हंसिणीनें आपल्या पिलांवर पसरलेल्या पंखासारखा केलेला आहे. ज्या शब्दानें त्या स्त्रियांस हिणवीत, त्याच शब्दाचें हें आश्रयाचें चिन्ह झालें. शिवी बदलून तिची सांवली करावी, यापेक्षां चांगला सूड कोणता असूं शकेल?

आतां ही बाग केली कशी, हें पाहूं. साधी बाग करावयाची म्हणजे प्रथम जमीन खणावी, दगड वेंचावे, खत मिसळावें, असा क्रम आहे. दफनभूमींत नेमकें हेंच करतां येत नाहीं. क्रॉसबोन्समध्यें प्रेतें एकावर एक पुरल्यामुळें हाडें जमिनीच्या पृष्ठभागापासून फार खोल नाहींत. आणि परवानगीवांचून मनुष्याचे अवशेष हलविण्यास इंग्लंडांत कायद्यानें बंदी आहे. म्हणून अशा ठिकाणीं माळ्यानें खालीं न जातां वर जावें लागतें. दगडांची ठेंगणी भिंत रचावयाची, तिच्या आंत बाहेरून आणलेली चांगली माती भरावयाची आणि त्या उंच वाफ्यांत रोपें लावावयाचीं. मोठ्या वृक्षांचीं मुळें खोल जाऊन हाडें विस्कटतात. त्यामुळें झुडपें, सुगंधी वनस्पति, कंद आणि रानफुलें यांचीच निवड करणें योग्य असतें. रोजमेरी नांवाचें सुवासिक झुडूप इंग्लंडांत पूर्वापार स्मरणाचें चिन्ह मानतात. त्याचीं मुळें उंच वाफ्यांतहि सुखानें वाढतात. वाफ्यांतील जादा पाणी एकाच ठिकाणीं मुरून खालची जमीन खचूं नये, यासाठीं उतार पाहून वाट काढावी लागते. पाऊलवाटाहि खणून न करतां वरूनच खडी अंथरून करतात.

हें एकदां केलें म्हणजे संपलें असें नाहीं. तण दर आठवड्यास उगवतें. उन्हाळ्यांत उंच वाफे सपाट जमिनीपेक्षां लवकर वाळतात. फिती पावसानें कुजतात, आणि कोणी कागदकपटे टाकून जातें. बाग उघडी ठेवावयाची तर कोणी तरी दारापाशीं बसून येणाऱ्यांचें स्वागत केलें पाहिजे, आणि त्यांनीं विचारलेल्या प्रश्नांस उत्तर दिलें पाहिजे. हें सर्व स्वयंसेवक आपापल्या पाळीनें करतात. त्यांत कोणी पदवीधर, कोणी कामकरी, कोणी निवृत्त वृद्ध असतो. त्यांच्यापैकीं कोणाचाहि आजा किंवा पणजी तेथें पुरलेली आहे म्हणून ते येतात असें नव्हे. ज्यांचे कोणी नाहींत त्यांचे आपण व्हावें, एवढ्याचसाठीं ते येतात. खुरपणी हें काम दिसावयास क्षुद्र. पण दगडावरील अक्षर एकदां कोरलें म्हणजे कोरणारा निघून जातो, आणि बागेचें अक्षर मात्र दर आठवड्यास नव्यानें गिरवावें लागतें. म्हणून गरिबांच्या स्मरणास बाग हीच अधिक साजते.

या बागेच्या इतिहासांतील एक दिवस विशेष सांगितला पाहिजे. २२ जुलै २०१५ रोजीं, म्हणजे मग्दालीया मरीयेच्या सणाच्या दिवशीं, सदर्क कॅथीड्रलचे डीन अँड्रू नन हे क्रॉसबोन्समध्यें आले, आणि त्यांनीं खेद, स्मरण व पुनःस्थापना यांची उपासना चालविली. प्राचीन काळीं ख्रिस्तमंडळीनें ज्यांना दूर लोटलें, त्यांच्या मातीपाशीं येऊन त्याच मंडळीच्या अधिकाऱ्यानें खेद व्यक्त केला. शेंकडों वर्षांपूर्वींच्या लोकांनीं केलेल्या कृत्यांबद्दल आज खेद दर्शवून मेलेल्यांस काय लाभ, असें कोणी विचारील. मेलेल्यांस काय लाभ होतो तें देव जाणे; परंतु जिवंतांस लाभ होतो यांत शंका नाहीं. कारण जो आपल्या वडिलांचा अन्याय अन्याय म्हणून ओळखतो, तोच आपल्या दारीं आलेल्या दुर्दैवी माणसाकडे निराळ्या डोळ्यांनीं पाहूं शकतो.

आपल्या महाराष्ट्राचा या विषयाशीं एक खरा धागा जुळतो. पंडिता रमाबाई १८८३ सालीं आपल्या लहानग्या मनोरमेस घेऊन इंग्लंडास गेल्या व वाँटेज येथील सेंट मेरीच्या भगिनींपाशीं राहिल्या. त्याच वर्षीं इकडे क्रॉसबोन्सची जमीन विकली जात होती. इंग्लंडांतील त्या वास्तव्यांत भगिनींनीं रमाबाईंस लंडनमधील फुलहॅम भागांतलें आपलें एक गृह दाखविलें. समाजानें पतित म्हणून टाकलेल्या स्त्रियांचा तेथें प्रेमानें सांभाळ केला जाई. या स्त्रियांविषयीं तुम्हांस इतकी कळकळ कां, असें रमाबाईंनीं विचारलें तेव्हां एका भगिनीनें त्यांना योहानाच्या शुभवर्तमानांतील शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखविली. तिचा परिणाम रमाबाईंच्या मनावर खोल झाला, असें त्यांनींच पुढें लिहून ठेविलें आहे. केडगांवच्या मुक्तिसदनांत त्यांनीं अशाच स्त्रियांकरितां कृपासदन काढलें. एकाच शहरांत एका बाजूस टाकलेल्या स्त्रियांच्या हाडांवर घरें उठविण्याचा बेत चालला होता, आणि दुसऱ्या बाजूस जिवंत टाकलेल्यांस घर मिळत होतें. रमाबाईंनीं त्यांतील दुसरी गोष्ट उचलून मायदेशीं आणली. मृतांची बाग करणाऱ्यांनीं ही गोष्ट विसरतां कामा नये. कबरेवर फूल वाहून जिवंत अनाथास दाराबाहेर ठेवणें हें ढोंग होय.

आपल्याकडेहि जुन्या दफनभूमि पुष्कळ आहेत. खडकी येथील युद्धांत पडलेल्या सैनिकांची दफनभूमि पहा. प्रत्येकाच्या नांवाचा दगड, कापलेली हिरवळ, ओळींनीं लावलेलीं फुलझाडें. तिची निगा राखण्यास एक मोठी संस्था आहे. परंतु गांवोगांवच्या कबरस्थानांत ज्या कोपऱ्यांत नुसते मातीचे उंचवटे आहेत, त्यांना कोण पाहतें? दुष्काळांत मेलेले, सांथींत मेलेले, बोर्डिंगांत आजारानें गेलेले अनाथ मूल, अशांना बहुधा त्याच कोपऱ्यांत जागा मिळते. २ नोव्हेंबरच्या सुमारास आपण आपल्या माणसांच्या कबरा झाडून, चुना लावून, मेणबत्ती लावून येतों. तेव्हां त्या कोपऱ्यापर्यंत चार पावलें पुढें जाणें कोणासहि अवघड नाहीं.

ज्या विद्यार्थ्यांस असें काम करण्याची इच्छा होईल, त्यांनीं कांहीं गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. प्रथम मंडळीच्या पंचांची परवानगी घ्यावी, आणि वडील माणसांवांचून जाऊं नये. पावसाळ्यानंतर गवत माजलेलें असतें व त्यांत सर्प असतात, म्हणून पायांत जोडे घालावे व गवतांत एकदम हात घालूं नये. कबरेच्या बांधकामांत पिंपळाचें रोप रुजलें असेल तर तें उपटूं नये; उपटल्यानें दगड निखळतात, म्हणून तें बुडाशीं कापावें आणि पुन्हां फुटल्यास पुन्हां कापावें. दगडावरील शेवाळ काढण्यास तारेचा ब्रश किंवा आम्ल कधींहि वापरूं नये, कारण संगमरवर आम्लांत विरघळतो आणि अक्षरें नाहींशीं होतात. साधें पाणी व मऊ कुंचला पुरे. जीं अक्षरें दिसतील तीं जशींच्या तशीं वहींत उतरून घ्यावीं, आणि तीं मंडळीच्या दफननोंदींशीं ताडून पहावीं. नोंदींत अशीं पुष्कळ नांवें सांपडतात ज्यांचा दगड कधींच बसला नाहीं. मातीच्या उंचवट्यांवर पाऊलवाट पाडूं नये. तेथें कमी पाण्यावर जगणारीं झाडें, जशीं सदाफुली किंवा कोरांटी, लावावीं. कोठें हाड दिसल्यास त्यास हात न लावतां पंचांस कळवावें.

या कामास फार द्रव्य लागत नाहीं. नेम मात्र लागतो. एक दिवस पन्नास मुलांनीं जाऊन गवत कापणें सोपें आहे. पाच मुलांनीं वर्षभर दर शनिवारीं दोन बादल्या पाणी नेणें कठीण आहे. लंडनच्या त्या गल्लींतील लोकांनीं कठीण तेंच केलें. म्हणून जेथें शंभर वर्षें कोणी फिरकलें नाहीं, तेथें आज मधमाशा येतात, आयाबाया आपलीं मुलें घेऊन बसतात, आणि कोणी अनोळखी मनुष्य गजाला फीत बांधतांना दोनशें वर्षांपूर्वींच्या एखाद्या गरीब बाईचें नांव मोठ्यानें वाचतो.